फिरत्या दंडाचा तोल

गिरणगावाचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला. भांडवलदारांच्या उलाढाली, कामगारांच्या चळवळी, चाळींतील संसार, शाहिरांचे फड आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या दीर्घ संपानंतर झालेली वाताहत, या सर्वांचा वृत्तान्त मराठी वाचकाला बऱ्याच अंशी अवगत आहे. परंतु ताडदेवपासून परळ-लालबागपर्यंतच्या टापूत शंभर-सव्वाशे वर्षे जे जे म्हणून फिरत होते, म्हणजे बाष्पयंत्रांची प्रचंड जडचक्रे, मजल्यामजल्यांच्या छताखालून गेलेले लोखंडी दंड, त्यांवरील शेकडो पुल्या आणि लक्षावधी चात्या, ते सारे न हादरता, न तापता, न मोडता फिरत राहावे म्हणून ज्या कसबाची पदोपदी गरज पडे, त्या कसबाला या इतिहासात हक्काची जागा मिळालेली नाही. फिरत्या वस्तुमानाचा तोल साधण्याचे हे कसब होय. मुंबईची कापडगिरणी जितकी भांडवलावर आणि कापसावर उभी होती तितकीच ती या कसबावरही उभी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिली सूतगिरणी स्थापन केली आणि १८५६ च्या फेब्रुवारीत ताडदेव येथे ती प्रत्यक्ष चालू झाली. या गिरणीचा आराखडा मँचेस्टरचे प्रख्यात यंत्रज्ञ विल्यम फेअरबेर्न यांचा होता. फेअरबेर्न हे काही सामान्य आरेखक नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत विलायतेतील गिरण्यांत जाडजूड ओतीव लोखंडाचे चौकोनी दंड आणि त्यांवर लाकडी पिंपांसारख्या अवजड पुल्या असत, आणि हा सारा पसारा मिनिटाला चाळीसेक फेऱ्यांच्या संथ गतीने कण्हत फिरे. फेअरबेर्न आणि त्यांचे भागीदार लिली यांनी हे दंड हलके व गोल केले, पुल्या लहान केल्या आणि गती शंभराच्या पलीकडे नेली. दंड हलका झाला, कारखान्याची शक्ती वाचली. पण संथ गतीत तोलाचा जो दोष झाकून जात असे तो द्रुत गतीत उघडा पडू लागला. दंडांना वेग देण्याची विद्या आणि त्या वेगातून उपजणारी तोलाची चिंता, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पहिल्या गिरणीबरोबर एकाच गलबतातून उतरल्या असे म्हणावयास हरकत नाही.

या चिंतेचे मूळ गणित फार सोपे आहे, आणि ते एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढील सारा मजकूर सुगम होईल. एखाद्या पुलीच्या एका अंगाला, आसापासून एक फुटावर, एक पौंड वजन जादा आहे असे समजा. पुली स्थिर असताना हे वजन केवळ एक पौंडच आहे. परंतु दंड मिनिटाला तीनशे फेरे घेऊ लागला की तेच वजन सुमारे तीस पौंडांच्या जोराने दंडाला बाहेर ओढू लागते, आणि हजार फेऱ्यांवर ही ओढ तीनशे चाळीस पौंडांपर्यंत जाते, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. शिवाय ही ओढ एका दिशेची नसून फेऱ्यागणिक सर्व दिशांना फिरते; त्यामुळे बेअरिंग एकाच बाजूस झिजण्याऐवजी सर्वांगाने ठोकली जातात, तेल जळते, पितळी गवसण्या ढिल्या होतात, आणि इमारतीच्या तुळयांपर्यंत तो कंप पोहोचतो.

हा दोष हुडकून काढण्याची रीत परळच्या कोणत्याही फिटिंगखात्यात पाहावयास मिळे. दोन पोलादी पट्ट्या, ज्यांची वरची धार घासून तलवारीसारखी सरळ केलेली असे, त्या पाणसळ लावून अगदी समपातळीत बसवीत. ज्या पुलीची परीक्षा करावयाची ती एका गोल सळईवर घट्ट बसवून ती सळई या दोन धारांवर अलगद ठेवीत. कोणी फुंकर घातली तरी हलेल इतकी ती मोकळी असे. जड अंग आपोआप गडगडत खाली येई. मिस्त्री तेथे खडूने खूण करी, पुली पुन्हा फिरवून सोडी, आणि तीच खूण पुन्हा तळाशी येऊन थांबली म्हणजे दोषाची जागा निश्चित होई. मग तिच्या बरोबर समोरच्या अंगाला मेण किंवा ओली लांबी थोडीथोडी चिकटवीत जावयाचे, कोणत्याही स्थितीत सोडली तरी पुली जागच्या जागी उभी राहीपर्यंत. शेवटी ते मेण काट्यावर जोखून तितक्याच वजनाचे शिसे वा लोखंडी तुकडा तेथे कायमचा बसवीत, नाहीतर जड अंगाला भोक पाडून तितके लोखंड काढून टाकीत. यात घाई चालत नसे. अशा कामाला लागलेल्या उमेदवाराची पहिली तालीम हीच की हात लावून बाजूला हो आणि पुलीला आपले आपण सांगू दे.

तथापि एवढ्याने सर्व काही साधत नसे. लांबट पिंपाच्या एका टोकाला वरच्या अंगी आणि दुसऱ्या टोकाला खालच्या अंगी सारखेच जादा वजन असेल, तर धारांवर ठेवलेले ते पिंप निर्दोष ठरते, कारण दोन्ही वजने परस्परांना तोलून धरतात. पण फिरू लागताच एक टोक एका दिशेला आणि दुसरे विरुद्ध दिशेला ओढले जाऊन ते लडबडू लागते. स्थितितोल आणि गतितोल यांतला हा भेद विद्वानांनी यथावकाश ग्रंथांत मांडला. मुंबईच्या मिस्त्रीला तो साच्याशेजारी उभा राहून कळला. गतितोल मोजणाऱ्या यंत्रांचा पाया जर्मनीत लावाचेक यांनी १९०७ च्या सुमारास घातला, पण अशी यंत्रे सर्वत्र पोहोचण्यापूर्वीची कित्येक दशके मिस्त्रीजवळ फिरत्या दंडाला हळूच टेकविलेला खडू, बेअरिंगवर ठेवलेला तळवा आणि सरावलेला कान एवढीच साधने होती.

कोणत्या खात्यात तोलाची निकड किती, याचे मान निरनिराळे होते. कापूस झोडपणाऱ्या ब्लोरूममधील पात्यांचा दंड मिनिटाला हजारापर्यंत फेरे घेई. पाती बोथट झाली म्हणजे ती उलटवून किंवा धार देऊन पुन्हा बसवावी लागत, आणि त्या वेळी एका पात्याचे वजन दुसऱ्याहून थोडेही उणेअधिक राहिले तर बेअरिंग तापून लाल व्हावयास फार वेळ लागत नसे. सभोवती सर्वत्र पिंजलेला कापूस तरंगत असताना तापलेल्या बेअरिंगचा अर्थ काय, हे सांगावयास नको. कार्डिंगच्या यंत्रात गती कमी, सिलिंडर मिनिटाला दीडशे ते पावणेदोनशे फेऱ्यांचा. पण त्याचा व्यास सुमारे पन्नास इंच, आणि त्याच्या तारांच्या दातांमध्ये व वरच्या पट्ट्यांमध्ये अंतर फक्त इंचाच्या हजारांश भागात, सात ते दहा हजारांश, मोजावयाचे. एवढ्या फटीत सिलिंडर जरा झुलला तर दाताला दात लागून दोन्हींची धार जाई.

परंतु तोलाच्या इतिहासातील सर्वांत मनोज्ञ प्रकरण चातीचे आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, जी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती, जमशेटजी टाटा यांनी १८८३ च्या सुमारास रिंगच्या साच्यांचा प्रयोग केला. लँकेशायरचे पुष्कळ गिरणीवाले अजून या नव्या पद्धतीकडे साशंक नजरेने पाहत असतानाच तो घडला. पुढे मुंबईच्या गिरण्यांतही रिंग सर्वत्र झाली. या रिंगची चाती मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेई. त्या वेगाला, आसापासून एक सेंटिमीटर बाजूला पडलेले एक ग्रॅम वजन सुमारे नऊशे ग्रॅमच्या जोराने ओढते. लाकडी बाबीन, तिच्यावर कमीजास्त गुंडाळले गेलेले सूत, आणि त्यातून मुंबईच्या पावसाळी हवेत फुगणारे लाकूड. अशा स्थितीत प्रत्येक चातीचा तोल अचूक राखणे कोणाही मनुष्याच्या आवाक्यातले नव्हते. यावर अमेरिकेतील कारागिरांनी आधीच निराळी युक्ती काढलेली होती. सॉयर यांनी १८७१ मध्ये चातीचे रूप पालटून तिचे ओझे घटविले, आणि रॅबेथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चातीत, त्याच दशकाच्या अखेरीस, चातीला पकडणारी गवसणी तेलात किंचित सैल ठेवण्यात आली. घट्ट धरलेली चाती आपल्या आधारालाच ठोकत राहते. सैल धरलेली चाती वेग घेताच, भोवऱ्याप्रमाणे, आपला खरा मध्य स्वतः शोधून काढते आणि त्याभोवती शांतपणे फिरू लागते.

याच सुमारास शास्त्राची स्थिती काय होती हे पाहण्यासारखे आहे. रँकिन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये असे प्रतिपादन केले होते की फिरत्या दंडाला वेगाची एक सीमा असते आणि तिच्या पलीकडे त्याला चालविणे अशक्य होय. स्वीडनच्या डी लावाल यांनी बारीक, लवचिक दंडावर आपले बाष्पचक्र ही सीमा ओलांडून चालवून दाखविले. आणि असे का होऊ शकते याची उपपत्ती फॉप्ल यांनी १८९५ मध्ये व जेफकॉट यांनी १९१९ मध्ये दिली. म्हणजे सिद्धान्त पुरा होण्यापूर्वीच परळच्या त्रासनखात्यात, म्हणजे रिंगच्या साच्यांच्या खात्यात, हजारो चात्या तोच व्यवहार रोज करीत होत्या. साच्यासमोर येरझारा घालणाऱ्या सातारकर वा रत्नागिरीकर कामगाराला उपपत्तीची गरज नव्हती; कोणती चाती थरथरते हे त्याला सुताच्या तुटण्यावरून आणि आवाजातील एका बारीक खरखरीवरून समजे. हे ज्ञान होते, आणि त्याला ज्ञान म्हणण्यास संकोच करण्याचे काहीएक कारण नाही.

दंडांची मोठी पाहणी मात्र गिरणी थांबल्याशिवाय होत नसे. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० पासून रविवारची सुटी पदरात पडण्यापूर्वी सुटीचा दिवससुद्धा पुष्कळदा यंत्रे पुसण्यात जाई, ही कामगारांची रास्त तक्रार होती. पुढेही फिटर आणि तेलवाले यांचा रविवार दंडाखालीच जाई: लांबच लांब दंडाच्या शेजारून दोरा ताणावयाचा, जागोजाग ओळंबा सोडावयाचा, कोठे आधार खचला आहे ते पाहून खाली पत्र्याची चकती सरकवावयाची. सरळ रेषेत नसलेला दंड तोललेल्या पुल्यांनाही लडबडावयास लावतो, म्हणून हे काम तोलाचाच पूर्वार्ध होते. आणि दसऱ्याच्या सुमारास, खंडेनवमीला, याच पुल्यांना झेंडूच्या माळा चढत व कुंकवाची बोटे लागत.

रेल्वेच्या कारखान्यांत हाच प्रश्न निराळ्या वेषात येई. जी. आय. पी. रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ पासूनचा. तेथे दुरुस्तीला आलेल्या बाष्प इंजिनाच्या चाकाकडे पाहिले म्हणजे आऱ्यांच्या मध्ये एका अंगाला चंद्रकोरीच्या आकाराचा भरीव भाग दिसे. समोरच्या अंगाला जोडलेल्या अवजड दांड्यांचे वजन तोलण्यासाठी तो प्रतिभार असे, आणि पुष्कळ चाकांत त्याच्या पोकळीत शिसे ओतून वजन जुळवीत. पण येथे एक धर्मसंकट होते. पुढेमागे सरकणाऱ्या दट्ट्याचाही काही भार या कोरीने तोलावा तर इंजिनाचे धक्के कमी होत, परंतु तो जादा भार प्रत्येक फेऱ्याला रुळांवर वरून हातोड्यासारखा आघात करी. सहा फूट व्यासाचे चाक ताशी साठ मैलांच्या वेगाने सेकंदाला साडेचार फेऱ्यांहून अधिक फिरते. तितके घाव पुलाच्या प्रत्येक तुळईला सोसावे लागत. विलायतेत यासाठी सर आल्फ्रेड यूइंग यांच्या अध्यक्षतेखाली खास समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षापासून घाटात मालगाड्या ओढण्यासाठी जी विजेची इंजिने आली, ज्यांना लोक प्रेमाने ‘खेकडा’ म्हणत, त्यांच्याही चाकांना दांड्या होत्या आणि म्हणून प्रतिभारही होते.

या साऱ्या विद्येचे रीतसर शिक्षण देणारी संस्था म्हणजे १८८७ मध्ये भायखळ्यास स्थापन झालेली आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेलेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे याच संस्थेत यंत्ररेखनाचे शिक्षक होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने स्मरावी अशी आहे. विलायतेतील यंत्रज्ञ डाल्बी यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात तोल साधण्याची रेखापद्धती सांगितली: दंडावरील सर्व ओढी क्रमाने रेषांनी मांडाव्या, त्यांचा बहुभुज बंद झाला तर स्थितितोल साधला, मग टोकांच्या पिरगळण्याचा दुसरा बहुभुज काढावा, तोही बंद झाला तर दंड निर्वेध फिरेल. यंत्रविद्येचे विद्यार्थी आजही हे दोन बहुभुज काढतात. दुर्दैव इतकेच की वर्गातील बहुभुज आणि फिटिंगखात्यातील खडू यांची गाठ फारशी पडली नाही. एकाकडे पदवी राहिली, दुसऱ्याकडे अनुभव.

१९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत् मुंबईत आली आणि लांब दंडांचे आयुष्य सरू लागले. त्या सुमारास शहरात ऐंशीहून अधिक गिरण्या होत्या. आरंभी एकेका खात्याला एक मोटार आणि दंड तसाच, पुढे साच्यागणिक मोटार, असा हा पालट सावकाश, काही गिरण्यांत तर कित्येक दशके रेंगाळत झाला. तोलाचा प्रश्न छतावरून उतरून मोटारीच्या पोटात गेला, आणि मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे घेणाऱ्या त्या फिरत्या गाभ्याचा तोल आता दूरच्या कारखान्यात यंत्रावर साधला जाऊ लागला.

कारखान्यांच्या दफ्तरात कापसाच्या गासड्यांचा, सुताच्या वजनाचा, कामगारांना झालेल्या दंडाच्या रकमांचा तपशील सापडतो. कोणत्या मिस्त्रीने कोणते जडचक्र कसे तोलले याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण जे सुरळीत चालते त्याची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती. काळाचौकी येथील जुन्या गिरणीच्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महानगरपालिकेने हाती घेतलेले आहे. तेथे केवळ छायाचित्रे आणि साचे मांडून थांबू नये. त्या दोन पोलादी धारा, एक जुनी पुली, खडू आणि मेण एवढे साहित्य ठेवून एखाद्या निवृत्त फिटरकडून ते काम लोकांसमोर प्रत्यक्ष करवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आणि परळ-लालबागच्या ज्या घरांत फिटिंगखात्यात आयुष्य घालविलेली वडीलधारी माणसे अजून आहेत, त्या घरांतील मुलानातवंडांनी त्यांच्या तोंडची कामाची हकिकत, हत्यारांच्या नावांसह, या वर्षीच लिहून काढावी आणि पेटीतला ओळंबा भंगारवाल्याला देऊ नये.