रोखणारा हात आपलाच

देवगाव रंगारी. गावाच्या नावातच रंगाऱ्याचा धंदा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आधी रझाकारांनी जुलूम केले. पोलीस कारवाईनंतर संस्थानात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. दोन्हीकडच्या पीडितांचा सवाल एकच: ईश्वर पाहत होता, तर त्याने थांबवले का नाही?

अल्लाहने माणसाला निवडीची मोकळीक दिली आहे. प्रत्येक वेळी त्याने हात धरला, तर परीक्षा उरतच नाही. पण म्हणून जुलूम मोकाट सोडलेला नाही. सूरह हज्जमध्ये सांगितले आहे की अल्लाह काही लोकांना इतर लोकांकरवी रोखतो; नाहीतर मठ, चर्च, मशिदी टिकल्याच नसत्या. म्हणजे रोखण्याचे काम माणसावर सोपवले आहे.

ते काहींनी केले. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने कारवाईच्या काळात व नंतर किमान २७ ते ४० हजार लोक मेल्याचा अंदाज दिला. त्याच अहवालात नोंद आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी प्राण देऊनही मुस्लिम विणकरांना वाचवले.

वाईट दिसले तर हाताने रोखा, नाहीतर जिभेने, तेही न जमले तर निदान मनाने नाकारा, ही पैगंबरांची (स.) शिकवण. विणकरांनी हात वापरला, शोएबुल्लाह यांनी लेखणी.

‘अल्लाह कुठे होता?’ असे विचारण्याआधी स्वतःला विचारू या: आपण कुठे होतो?