चीनला जाताय? ही चार शहरे बघून या

आपल्याकडचे बरेच व्यापारी माल घ्यायला ग्वांगझूला जातात आणि बाजार बघून परततात. चार दिवस जास्त काढा.

ग्वांगझू : इथल्या जुन्या हुआइशेंग मशिदीचा सुमारे ३६ मीटर उंच मिनार पूर्वी जहाजांना दिवा दाखवायचा, असे सांगतात.

शिआन : १९७४ मध्ये शेतकरी विहीर खणत असताना मातीच्या सैनिकांची फौज सापडली, ती इथेच. शहरातल्या मोठ्या मशिदीला घुमट नाही. अंगणे, उतरती छपरे, सगळे चिनी. किब्ला मात्र आपल्यासारखाच पश्चिमेला.

बीजिंग : १४२० मध्ये पूर्ण झालेला बादशाही राजवाडा, जवळच चीनची भिंत आणि न्यूजिये मशीद.

शिजियाझुआंग : बीजिंगहून रेल्वेने जाता येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांची कबर या शहरातल्या शहीद स्मारकात आहे. मुले सोबत असतील तर इथे नक्की न्या.

जेवणाची काळजी नको. हलालला तिथे ‘चिंगझेन’ म्हणतात. ती दोन चिनी अक्षरे मोबाईलमध्ये ठेवा आणि हॉटेलच्या पाटीवर शोधा.