मुद्रांक आणि इमान

मनुष्य लबाडी कां करतो, ह्या प्रश्नाचें उत्तर लोक बहुधा मोठ्या लबाडांच्या चरित्रांत शोधतात. आमच्या मतें ही शोधाची दिशाच चुकते. मोठा लबाड विरळा असतो. समाजाचें इमान पोखरलें जातें तें तुमच्याआमच्यासारख्या पापभीरु माणसांच्या हातून, आणि तेंही आपण कांहीं वावगें करीत आहों असें त्यांना न वाटतां. ह्या गोष्टीचा विचार करण्यास आमचें नाशिक फार सोयीचें गांव आहे. यात्रेकरूंना तें गोदावरीमुळें ठाऊक असतें. सरकारदरबारीं मात्र त्याची ओळख नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमुळें आहे. पोस्टाचीं तिकिटें आणि मुद्रांक पूर्वीं मुख्यतः लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२५ सालीं हा छापखाना निघाला, आणि देशाच्या भरंवशाचा कागद आमच्या गांवीं छापला जाऊं लागला.

अशा कागदाची गरज मुळांत कां पडते? ज्याची आपणांस ओळख आहे त्याच्याशीं व्यवहार शब्दावर चालतो. ओळख संपली किंवा भरंवसा उडाला, कीं साक्षीदार, सही आणि शिक्का लागतात. तो अविश्वासाबद्दल समाजाला भरावा लागणारा एक करच आहे. महाराष्ट्रानें हा कर कसा भरला, हें पाहण्यास दीडशें वर्षें मागें गेलें पाहिजे.

इंग्रजी अंमलांत दिवाणी कोर्टें आलीं आणि कागदावर जें लिहिलें असेल तेंच खरें ठरूं लागलें. अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला तो कागद वाचतां येत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यांवरील दाव्यांची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा होता; परंतु सावकारांनीं त्यावर तोड काढली. दर तीन वर्षांनीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून ते नवें खत लिहून घेऊं लागले. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला, आणि पाहतां पाहतां दंगा नगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. सावकारानें खतें आणि वह्या मुकाट्यानें हवालीं केल्या, तर त्याला बहुधा पुढें उपद्रव होत नसे. कागदाच्या जोरावर झालेल्या अन्यायाचा सूड लोकांनीं कागद जाळून घेतला.

ह्या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतें गांवच्या निबंधकासमोर लिहावीं आणि कोर्टानें केवळ खतावर न विसंबतां देण्याघेण्याचा मूळ इतिहास तपासावा, अशी तजवीज त्यांत होती. तेव्हां सावकार गहाणखताऐवजीं फरोक्तखत लिहून घेऊं लागले. वरून विक्री, आंतून गहाण. उलटपक्षीं, खरें देणेंही ऋणको शपथेवर नाकारतात, अशी तक्रार कायद्याच्या टीकाकारांनीं केली. येथें दोघांचीही मनें वाचण्यासारखीं आहेत. सावकार म्हणे, कूळ बुडविणारच, म्हणून आधींच चढवून लिहावें. कूळ म्हणे, त्यानें दुप्पट लिहिलें आहे, तर नाकारण्यांत पाप कसलें? दोघांनाही आपण चोर आहों असें वाटत नव्हतें. दुसऱ्याची लबाडी हाच प्रत्येकाचा परवाना होता.

आतां पुन्हां नाशिककडे वळूं. बेळगांव जिल्ह्यांतील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीनें १९९४ मध्यें मुद्रांकविक्रीचा रीतसर परवाना मिळविला. पुढें आमच्या प्रेसमधून मोडींत निघालेलीं यंत्रें लिलावांत मिळवून त्यानें खोटे मुद्रांक छापले, असें तपासांतून पुढें आलें. त्याच्या अडत्यांनीं ते बँका, विमा कंपन्या आणि शेअरदलालांच्या पेढ्या यांना घाऊक विकले. २००१ सालीं तो अजमेर येथें पकडला गेला, पुढें त्याला ३० वर्षांची सक्तमजुरी झाली, आणि २०१७ मध्यें शिक्षा भोगीत असतांच तो बंगळूरच्या रुग्णालयांत मरण पावला. पण असला उद्योग एकट्याच्यानें होत नाहीं. त्याला न पाहतां सही करणारे, माल कोठून आला हें न विचारणारे आणि 'आपल्याला काय करायचें आहे' असें म्हणणारे शेंकडों लोक लागतात. त्यांपैकीं फारच थोड्यांचीं नांवें कोठल्याही आरोपपत्रांत येतात.

मग माणूस मुळांतच अप्रामाणिक आहे काय? २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचें उत्तर निराळें आहे. ४० देशांतील ३५५ शहरांत १७,००० हून अधिक पाकिटें 'सांपडलीं' म्हणून निरनिराळ्या कचेऱ्यांतील माणसांच्या हवालीं करण्यांत आलीं. रिकाम्या पाकिटांपेक्षां पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकांना कळविण्याचें प्रमाण अधिक निघालें. परक्याची काळजी आणि स्वतःला चोर म्हणवून घेण्याची लाज, अशीं दोन कारणें संशोधकांनीं दिलीं. आमचें म्हणणें ह्याच्याशीं जुळतें. हातांतल्या नोटांपाशीं ती लाज जागी राहते. कागद, कचेरी आणि रूढि मध्यें आली कीं ती झोंपीं जाते.

ह्याची किंमत कोण देतो? खोट्या कागदाच्या भीतीनें खऱ्या माणसाला दहा कागद दाखवावे लागतात. ज्याच्यापाशीं पैसा आणि वकील आहे तो ते मिळवितो. ज्या विधवेच्या नांवाची सातबाऱ्यावर नोंदच झाली नाहीं, ती खरी असूनही खोटी ठरते. लबाडीचा कर असा सर्वांत दुबळ्याकडून सर्वांत जास्त वसूल होतो.

ह्यांतून आम्ही स्वतःला वगळूं शकत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं वडिलोपार्जित वाडा विकला, तेव्हां रकमेचे दोन भाग झाले: एक दस्तावर, दुसरा रोख. दलाल म्हणाला, "सर, सगळेच असें करतात. तुम्ही एकट्यानें सरकारची तिजोरी भरणार आहांत काय?" आम्ही हंसलों आणि सही केली. साक्षीदार म्हणून आमच्या मुलीची सही झाली. परततांना तिनें विचारलें, "बाबा, मग मीं साक्ष कोणत्या आकड्याला दिली?" त्याच आठवड्यांत वर्गांत सुप्याच्या सावकारांवर व्याख्यान द्यावयाचें होतें. तें दिलें, पण त्या दिवशीं सावकारांना नांवें ठेवतांना जीभ अडखळली.

कायदे हवेतच. शिक्केही हवेत, आणि तेलगीनंतर फ्रँकिंग व ई-मुद्रांक यांचा प्रसार झाला तो योग्यच झाला. परंतु १८५९ पासून प्रत्येक नव्या कागदाबरोबर नवी पळवाटही निघत आली आहे, कारण 'सगळेच करतात' हें वाक्य कोणताही कायदा रद्द करूं शकत नाहीं. तें ज्याच्या त्यानेंच आपल्या घरीं रद्द करावें लागतें.

पुढें आम्हीं एक लहानसें घर घेतलें, तेव्हां दस्तावर पुरी रक्कम लिहिली. मुद्रांकशुल्क अधिक पडलें, विकणारा कुरकुरला आणि दलालानें तर आम्हांला वेड्यांत काढलें. पण साक्षीच्या सहीसाठीं मुलीला बोलावतांना ह्या वेळीं संकोच वाटला नाहीं.