तबकडीवरचा सूर आणि कंठाचे आयुष्य
बायझंटाइन गायनाची पहिली ध्वनिमुद्रणे

गायकाचा कंठ किती वर्षे साथ देतो, हा प्रश्न संगीताइतकाच जुना आहे. ध्वनिमुद्रणाचा शोध लागेपर्यंत त्याचे उत्तर श्रोत्यांच्या आठवणींवरच अवलंबून होते. इस्तंबूलच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठातील गायकांच्या तबकड्यांनी या आठवणींना पुरावा दिला. मात्र हा पुरावा तपासूनच घ्यावा लागतो.

बायझंटाइन गायन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यात विकसित झालेले, प्रामुख्याने ग्रीक भाषेतील चर्चचे स्तोत्रगायन. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती गेले, तरी तेथील धर्मपीठ टिकले आणि त्याबरोबर ही परंपराही. या गायनात वाद्ये नसतात. मुख्य गायक गातो आणि काही साथीदार आधारस्वर धरून ठेवतात. त्यास ‘इसोन’ म्हणतात. आपल्याकडे तानपुरा जे काम करतो, ते येथे मानवी कंठ करतो.

साठ वर्षांची सेवा

धर्मपीठाच्या मुख्य गायकाला ‘प्रोतोप्साल्तिस’ म्हणतात. याकोवोस नाफ्प्लिओतिस (१८६४-१९४२) यांनी हे पद १९११ ते १९३९ या काळात भूषविले. मुख्य गायकाला स्तोत्रातील शब्द आधी उच्चारून देणारा मुलगा म्हणून ते तेथे आले आणि एकेक पायरी चढत सर्वोच्च पदी पोहोचले. ही सेवा सुमारे साठ वर्षांची होती. १९१४च्या सुमारास इस्तंबूलमधील ब्लुमेंथाल बंधूंच्या ‘ऑर्फिऑन’ कंपनीने त्यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. म्हणजे तबकडीवर ऐकू येतो तो तरुणाचा नव्हे, तर मुरलेला कंठ. त्यानंतरही ते सुमारे पंचवीस वर्षे गात राहिले.

तबकडी काय दाखवते, काय लपवते

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. विजेच्या साहाय्याने मुद्रण १९२५ पासून रूढ झाले. गायक मोठ्या कर्ण्यासमोर उभा राही आणि आवाजाच्या दाबानेच सुई मेणावर चरे कोरीत असे. अतिखर्ज आणि अतितार कंपने त्यात उमटत नसत. एका बाजूवर तीन-चार मिनिटेच मावत, त्यामुळे दीर्घ विलंबित रचना आटोपशीर कराव्या लागत.

वेगाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. सर्वच तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. ७४ फेऱ्यांची तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविल्यास सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो, लय जलद होते आणि आवाज आहे त्याहून तरुण भासतो. कंठाच्या तारुण्याची प्रशंसा करण्यापूर्वी यंत्राचा वेग तपासावा, तो यासाठीच.

कंठ का टिकतो?

वाढत्या वयात स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, कंठातील कूर्चा कठीण होतात आणि फुप्फुसांची क्षमता घटते. सूर थरथरतो, श्वास अपुरा पडतो. मात्र नियमित सराव असलेल्या गायकांत हे बदल बहुधा उशिरा जाणवतात.

बायझंटाइन पद्धतीच्या काही गोष्टी कंठाला अनुकूल आहेत. तिच्या स्वरलिपीत चिन्हे आधीच्या स्वरापासूनचे अंतर सांगतात, निश्चित पट्टी सांगत नाहीत; म्हणून गायक आपल्याला झेपेल तो आधारस्वर घेऊ शकतो. उजवा आणि डावा असे दोन गायकवर्ग आळीपाळीने गातात, त्यामुळे विसावा मिळतो. साठीतल्या गायकाने पट्टी थोडी उतरवली, तर रचनेला बाध येत नाही.

लिपीच्या पलीकडले

ही ध्वनिमुद्रणे मोलाची ठरली त्याचे आणखी एक कारण आहे. १८१४ मध्ये स्वरलिपीची सुधारित पद्धत तयार झाली. पुढे १८८१ मध्ये नेमलेल्या समितीने सप्तकाचे समान भाग करून स्वरांतरे मोजली. तरीही एखाद्या चिन्हावर सूर किती आंदोलित करावा, कोठे हलकेच स्पर्श करावा, हे कागदावर उतरत नाही. ते गुरूच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागे.

तसे शेजारी उभे राहणारेच पुढे कमी होत गेले. नाफ्प्लिओतिस यांच्यानंतर कोन्स्तान्तिनोस प्रिंगोस (१८९२-१९६४) यांनी १९५९ पर्यंत हे पद सांभाळले. त्यांच्या उतारवयातील प्रत्यक्ष चर्चमधील टेप मुद्रणे उपलब्ध आहेत, त्यांत तीन मिनिटांची अट नाही. त्यांचे उत्तराधिकारी थ्रासिवूलोस स्तानित्सास (१९१०-१९८७) यांना १९६४ मध्ये, इस्तंबूलमधून ग्रीक नागरिकांची हकालपट्टी झाली तेव्हा, शहर सोडावे लागले. पुढील आयुष्य ते अथेन्समध्ये गायले. शहरातील ग्रीक वस्ती ओसरत गेली आणि मौखिक शिक्षणाचे वर्तुळ आकसले.

‘ऑर्फिऑन’च्या तबकड्या २००८ मध्ये तुर्कस्तानातील ‘कलान’ कंपनीने सीडी रूपात प्रसिद्ध केल्या. २०१९ मध्ये युनेस्कोने बायझंटाइन गायनाचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. आज या परंपरेचे विद्यार्थी नाफ्प्लिओतिस यांचा एकेक वळसा कान देऊन ऐकतात आणि स्वरलिपीशी पडताळून पाहतात. कंठाचे आयुष्य फार तर सात-आठ दशकांचे. त्याने दिलेली तालीम मात्र खरखरत्या तबकडीवरून शंभर वर्षांनंतरही चालू आहे.