बांबूचं नगर, सिमेंटचं झाड

आमच्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. त्याच सुमारास मुंबईत मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्या नव्या इमारती उठत होत्या. फैजपूरला गांधीजींचा आग्रह वेगळा होता : साहित्य गावचं, हात गावचे. शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी मुख्यतः बांबूतून ‘टिळकनगर’ सजवलं. ज्यानं मांडव पेलला, त्यानंच त्याला शोभाही आणली.

आज आपल्या चौकांत, कॉलेजांच्या आवारांत काँक्रीट आहे, आणि ते असायला माझी हरकत नाही. खटकतं ते त्याचं सोंग. बाकाला झाडाच्या खोडाचा आकार द्यायचा, साल कोरायची, वर तपकिरी रंग! रंगाखालचं काम कोण पाहतो? काँक्रीट दाब सोसतं. ताण सोसायला आत लोखंडी सळ्या लागतात. सळ्यांवरचा थर पातळ राहिला, की ओल शिरते, सळ्या गंजून फुगतात आणि पोपडे सुटतात. खानदेशच्या उन्हात चांगलं पाणी मारलं नाही, तर तडे ठरलेलेच.

चंडीगडला ल कार्बुझिए यांनी सेंट्रिंगच्या फळ्यांचे वळ भिंतींवर तसेच राहू दिले. तीच तिथली नक्षी झाली. बांबूला फैजपूरनं जो मान दिला, तो काँक्रीटलाही देता येईल. त्यासाठी नीट फळ्या, पुरेसं पाणी आणि गवंड्याला सवड मात्र द्यायला हवी.