सिमीचे पाणबुडे

आशिया मायनरच्या किनाऱ्याला लगटून असलेले सिमी हे बेट इतके खडकाळ आणि निर्जल आहे, की केवळ शेतीच्या आधारावर तेथे मोठी वस्ती नांदणे अशक्यच होते. तरीही विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वीस हजारांच्या आसपास माणसे राहत होती, ती समुद्रतळाच्या स्पंजावर. १५२२ साली ऱ्होड्स जिंकल्यावर तुर्की सल्तनतीने वार्षिक मक्ता ठरवून या बेटाचा अंतर्गत कारभार रहिवाशांच्याच हाती ठेवला, आणि त्या अभयाच्या छायेत गलबते बांधण्याचा व स्पंज काढण्याचा धंदा भरभराटीस आला.

जुना पाणबुडा उघड्या अंगाने, हाती एक चपटी, जड शिळा धरून तळ गाठी आणि एका श्वासात जेवढा स्पंज कापता येईल तेवढा घेऊन दोराच्या आधाराने वर येई. त्याच्या श्वासाची मर्यादा हीच त्याच्या जिवाची राखण होती. १८६० नंतरच्या दशकात तांब्याचे शिरस्त्राण आणि हवेची नळी असलेला पोशाख आला व ती मर्यादा सुटली. खोल पाण्यात दीर्घकाळ राहिल्याने रक्तात विरघळलेला नायट्रोजन, माणूस घाईने वर येताच बुडबुड्यांच्या रूपाने मोकळा होतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली दाखवून दिले. परंतु टप्प्याटप्प्याने वर येण्याची हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाची कोष्टके १९०८ पर्यंत प्रसिद्ध झाली नव्हती, आणि दरम्यानच्या काळात किती तरुण मेले, किती जन्माचे पांगळे झाले! ज्ञान आणि त्याचा उपयोग यांच्यामधील त्या तीस वर्षांचे दुःख मला विसरता येत नाही.

१९०० साली अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेले प्राचीन जहाज याच सिमीच्या पाणबुड्यांना सापडले. त्यातील कांस्यमूर्ती आणि ते विलक्षण दंतचक्रयंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहेत. ते वर काढताना एकाचा प्राण गेला आणि दोघे पंगू झाले, हेही त्या वैभवाच्या हिशेबात लिहिले पाहिजे.

१९१२ मध्ये इटलीचा अंमल आला, पुढे समोरच्या किनाऱ्याशी असलेला व्यवहार तुटला, अनेक कुटुंबे फ्लोरिडातील टार्पन स्प्रिंग्जपर्यंत पांगली, आणि कृत्रिम स्पंजाने बाजार बळकावला. १९८६ च्या सुमारास पसरलेल्या रोगाने उरलेसुरले स्पंजही नष्ट केले. आता वस्ती तीन हजारांच्या आत आहे. ऱ्होड्सहून येणाऱ्या बोटींतील प्रवासी व्यापाऱ्यांची जुनी रंगीत घरे पाहतात, आणि धक्क्यावरच्या दुकानांतून जो स्पंज विकत घेतात, तो पुष्कळदा दूरदेशाहून आणलेला असतो.