कोयनेचा भूकंप : देवाचा कोप की माणसाचा हिशेब?

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून गेले होते. पाटण तालुका झोपेत असताना सह्याद्री हादरला. धक्का ६.३ ते ६.५ रिश्टरचा, म्हणजे जगातल्या महाभूकंपांपुढे मध्यमच. तरी पावणेदोनशेच्या आसपास माणसे मेली, दोन हजारांवर जखमी झाली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. मुंबईची वीज गेली, तेव्हा कुठे मुंबईला कोयना आठवली.

याला देवाचा कोप म्हणणारे आजही भेटतात. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले होते. टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. आमचा प्रश्न साधा आहे : पाप सवर्णांचे, मग अस्पृश्यांच्या झोपड्या का पडल्या? आपल्या बाजूने बोलणारी अंधश्रद्धासुद्धा अंधश्रद्धाच असते.

खरे कारण जमिनीखाली होते. दख्खनचा दगड स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी समजूत होती. १९६२ च्या सुमारास १०३ मीटर उंच धरणामागे पाणी साठू लागले आणि परिसरात लहान धक्के सुरू झाले. खडकात ताण आधीपासून होताच. पाण्याचे वजन आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी तो मोकळा केला. हर्ष गुप्ता आदी शास्त्रज्ञांनी धरणाचे पाणी आणि भूकंप यांचे नाते मांडले. आज जगभरात कोयनेचा दाखला देतात.

म्हणून आम्ही धरणविरोधी आहोत का? नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडेच पाणी आणि विजेचे धोरण होते. दामोदर खोऱ्याची योजना त्यांनी पुढे रेटली. वीज हवी, पण ती कष्टकऱ्याच्या घरातली गरिबी हटवण्यासाठी, ही त्यांची भूमिका.

कोयनेत काय झाले? पाणी डोंगर पोखरून पोफळीला नेले, वीज कारखान्यांना आणि शहरांना गेली. बुडाली ती खोऱ्यातली गावे. भूसंपादन १८९४ च्या इंग्रजी कायद्याने झाले. त्यात मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला. ज्याच्या नावावर जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतात राबून जो पोट भरतो, त्याची बुडालेली मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? महार वतनाच्या जोखडातून सोडवणारा कायदाही १९५८ सालचा, म्हणजे धरणाचे काम चालू असतानाचा. मुंबई कौन्सिलात बाबासाहेबांनी वतनाचे बिल मांडून तोवर तीस वर्षे झाली होती. राज्याचा पुनर्वसन कायदा तर १९७६ चा, भूकंपानंतर नऊ वर्षांनी आलेला.

धरणाला तडे गेले, ते बुजवून भिंत भक्कम केली. धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या मात्र जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देत आल्या. धक्के अजून बसतात.